घरचा संगणक छापखान्याच्या दारात का अडतो

मंडळाची स्मरणिका, ग्रंथालयाचं त्रैमासिक किंवा स्वतःचा कवितासंग्रह घरच्या संगणकावर मांडायचं ठरलं की माणूस आधी यंत्राची चौकशी करतो. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा किती इंची, रंग कसे दिसतात. ही चौकशी अगदीच वाया जाते असं नाही, पण डीटीपीच्या कामात तिने फारसं काही ठरत नाही. गेल्या चाळीस वर्षांत कितीतरी घरगुती संगणक या सगळ्या बाबतींत सरस असूनही प्रकाशनाच्या धंद्यात मागे पडले आणि त्यांच्याहून दुबळी यंत्रं तिथे ठाण मांडून बसली. कारण छापील पान पडद्यावर पूर्ण होतच नाही. ते प्लेटवर पूर्ण होतं, आणि पडद्यापासून प्लेटपर्यंतच्या वाटेत फाँट, फाइल, प्रिंटर, दुसऱ्या कुणाचं यंत्र आणि त्या दुसऱ्याच्या सवयी असे एकेक नाके लागतात. यांपैकी एका नाक्यावर जरी पान अडलं, तरी घरच्या यंत्राचा वेग कुणाच्या कामाचा नाही. म्हणून संगणक निवडायचा तर प्लेटच्या टोकापासून मागे मागे यावं, असं माझं म्हणणं आहे. ते पटायचं तर जुना हिशेब थोडा उकरावा लागतो.

१९८४च्या जानेवारीत आलेला अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आजच्या डोळ्यांनी पाहिला तर केविलवाणा वाटेल. १२८ किलोबाइट मेमरी, काळापांढरा पडदा आणि त्यावर आडवे ५१२ व उभे ३४२ ठिपके. पण हे ठिपके चौरस होते आणि एका इंचात ७२ बसत होते. मुद्रणातला पॉइंटही इंचाचा साधारण बहात्तरावा भाग, त्यामुळे बारा पॉइंटांचं अक्षर पडद्यावर बारा ठिपक्यांचं दिसे आणि कागदावरही त्याच मापाचं उतरे. १९८५च्या जानेवारीत अ‍ॅपलने लेझररायटर हा प्रिंटर जाहीर केला. किंमत ६,९९५ डॉलर, म्हणजे मॅकच्या २,४९५ डॉलरच्या मूळ किमतीच्या पावणेतीन पटींहून जास्त. पण त्या प्रिंटरच्या पोटात दीड मेगाबाइट मेमरी आणि मॅकमध्ये होता त्याच जातीचा, किंबहुना त्याहून वेगवान प्रोसेसर बसवला होता. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२मध्ये स्थापन केलेल्या अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा त्याला समजत होती. १९८५च्याच जुलैमध्ये पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने पेजमेकर बाजारात आणलं. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दप्रयोगही ब्रेनर्ड यांच्याच नावावर आहे. पुढे लिनोटाइपची टाइपसेटिंग यंत्रंही पोस्टस्क्रिप्ट बोलू लागली आणि साखळी पुरी झाली. जी फाइल टेबलावरच्या प्रिंटरवर इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटे, तीच एक अक्षरही न बदलता टाइपसेटरच्या यंत्रावर हजाराहून अधिक ठिपक्यांनी फिल्मवर उतरे. मॅकचं यश मॅकमध्ये कमी आणि या साखळीत जास्त होतं.

१९८५मध्येच आणखी दोन घरगुती संगणक आले आणि दोन्ही कागदावर मॅकपेक्षा उजवे होते. कमोडोरचा अमिगा १,२९५ डॉलरला मिळत होता, ४,०९६ रंगांतून हवे ते निवडता येत होते आणि एका वेळी अनेक कामं चालत होती. अटारीच्या एसटी मालिकेत मॅकमधलाच मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता आणि किंमत मॅकच्या निम्म्याहूनही कमी. १९८६चा १०४०एसटी पूर्ण एक मेगाबाइट मेमरीसकट हजार डॉलरच्या आत येत होता. मग अडलं कुठे? अमिगाचं पडद्यापाशीच अडलं. त्याचं चित्रयंत्र दूरचित्रवाणीच्या संकेताला बांधलेलं होतं. पान वाचता येईल इतकी सूक्ष्मता हवी असेल तर पडदा एकाआड एक ओळींनी रंगवावा लागे, आणि मग पांढऱ्यावर काळी अक्षरं लुकलुकायला लागत. अशा पडद्यावर सर्वांत जास्त थरथरते ती बारीक आडवी रेघ. त्यावर शिरोरेषेची लिपी मांडायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांचं काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी. अटारीचा काळापांढरा पडदा मात्र अप्रतिम होता. ६४० बाय ४०० ठिपके, सेकंदाला ७०हून अधिक वेळा ताजा होणारा, स्थिर. तिथे अडलं ते प्रिंटरपाशी. खर्च वाचवायला अटारीने आपल्या लेझर प्रिंटरला स्वतःची बुद्धी आणि मेमरी दिलीच नाही. पानाचं चित्र संगणकाने आपल्या मेमरीत तयार करायचं आणि प्रिंटरला ओतायचं. युक्ती चांगली होती, पण हिशेब करून पाहा. ए-४ पान इंचाला ३०० ठिपक्यांनी मांडलं तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात, म्हणजे एक मेगाबाइटच्या वर मेमरी. हजार डॉलरच्या त्या अभिमानास्पद यंत्रात एक पानसुद्धा मावत नव्हतं.

पण याहून मोठा पुरावा वेगळ्याच ठिकाणी आहे. हीच दोन यंत्रं दुसऱ्या धंद्यांत नुसती टिकली नाहीत, तर राज्य करून गेली. दूरचित्रवाणीच्या संकेताला बांधलेलं असणं हे पुस्तकाच्या पानासाठी अमिगाचं वैगुण्य होतं, पण टीव्ही स्टुडिओसाठी तीच लॉटरी ठरली. १९९०मध्ये न्यूटेक कंपनीचं व्हिडिओ टोस्टर अमिगासाठी आलं आणि छोट्या स्टुडिओंना महागड्या यंत्रसामग्रीचं काम परवडू लागलं. अटारी एसटीला कारखान्यातूनच मिडीच्या खोबणी येत होत्या. इलेक्ट्रॉनिक वाद्यांची तार सरळ तिथे खोचायची, मध्ये कसलं कार्ड नको. म्हणून जर्मनीच्या स्टाइनबर्गचं क्यूबेस १९८९मध्ये आधी अटारीवरच आलं आणि कितीतरी संगीत स्टुडिओंत एसटी पुढे वर्षानुवर्षं राहिला. यंत्रं तीच, प्रोसेसर तोच, बनवणारेही तेच. एका धंद्यात त्यांचं दुसरं टोक कशाला तरी घट्ट जोडलेलं होतं आणि दुसऱ्या धंद्यात ते लोंबकळत होतं. 'अमुक संगणक डीटीपीला चांगला का?' या प्रश्नाचं उत्तर यंत्राच्या आत शोधणाऱ्यांनी हे उदाहरण पुन्हा पुन्हा तपासावं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. अमिगा आणि अटारीवरही पोस्टस्क्रिप्ट फाइल तयार होत होती. अमिगावर गोल्ड डिस्कचं प्रोफेशनल पेज होतं, त्यात रंगवियोजनाची सोय होती. सॉफ्ट-लॉजिकचं पेजस्ट्रीम दोन्ही यंत्रांवर चालत होतं. मग साखळी तुटली असं कसं म्हणायचं? तर साखळी कागदावर जोडलेली होती आणि व्यवहारात दोन क्षुल्लक ठिकाणी सुटत होती. पहिलं ठिकाण फ्लॉपीचं. अमिगा साडेतीन इंची चकतीवर ८८० किलोबाइट लिहीत असे, पण स्वतःच्या पद्धतीने. ती चकती साध्या पीसीच्या किंवा मॅकच्या ड्राइव्हला वाचताच येत नव्हती. ज्या टाइपसेटरकडे काम न्यायचं त्याच्याकडे मॅक, आणि हातात चकती अमिगाची! दुसरं ठिकाण फाँटांचं, आणि ते जास्त गंभीर. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरवर नीट उमटणारे टाइप-१ फाँट कसे बांधायचे याचं गुपित अडोबीने १९९०पर्यंत आपल्याजवळच ठेवलं होतं. बाहेरच्या यंत्रांनी दुसऱ्या जातीचे फाँट वापरले. प्रोफेशनल पेजने कॉम्प्युग्राफिकचे घेतले, अटारीवरच्या कॅलॅमसने स्वतःचे बनवले. नाव टाइम्ससारखं, चेहरा टाइम्ससारखा, पण अक्षरांच्या रुंदीत केसाएवढा फरक. तो फरक ओळीच्या शेवटी शब्दाएवढा होतो, परिच्छेदाच्या शेवटी ओळीएवढा, आणि चौसष्ट पानांच्या पुस्तिकेत अनुक्रमणिका खोटी ठरवतो. टाइपसेटरने अशी फाइल एकदा घेतली, दोनदा घेतली. तिसऱ्या वेळी तो 'मॅकवर करून आणा' म्हणाला. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या दारात रांग लागलेली असते आणि वाया गेलेली फिल्म त्याच्या खिशातून जाते.

'अ‍ॅपलकडे जाहिरातीला पैसा होता, म्हणून ते जिंकले,' असंही म्हणतात. पैसा होता यात वाद नाही. पण १९८५ हे अ‍ॅपलसाठी वाईट वर्ष होतं. मॅकची विक्री अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती आणि त्याच सप्टेंबरमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांना कंपनी सोडावी लागली. जाहिरातीने मॅक घराघरांत गेला नाही. तो छोट्या जाहिरात संस्थांत, वार्तापत्रं काढणाऱ्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांच्या मागच्या खोल्यांत गेला, आणि तिथे पैसा जाहिरातीचा नव्हता, वाचलेल्या टाइपसेटिंगच्या बिलाचा होता. त्याहून चांगला आक्षेप कॅलॅमसचा आहे. १९८७मध्ये जर्मनीत आलेल्या या अटारीवरच्या सॉफ्टवेअरने पोस्टस्क्रिप्टची गरजच टाळली. पानाचा प्रत्येक ठिपका ते संगणकातच काढत असे आणि पडद्यावर, प्रिंटरवर व फिल्मवर एकच हिशेब चाले, म्हणून तिन्हीकडे पान तंतोतंत तेच. जर्मनीत त्याच्यावर खरोखरीची मासिकं आणि पुस्तकं निघाली. मग घरगुती संगणक डीटीपीत यशस्वी झालाच की! झाला, पण जिथे फिल्म काढणाऱ्याकडेही कॅलॅमसच होतं तिथेच. म्हणजे तिथे साखळी दुसरी होती इतकंच. साखळीवाचून काम झालं नाही. १९९३च्या सुमारास अटारीने संगणक बनवणंच थांबवलं आणि ती साखळी कडी कडी करत गळाली. कमोडोर १९९४मध्ये दिवाळखोरीत निघाली. इंग्लंडमधल्या एकॉर्न आर्किमिडीजवर इम्प्रेशन नावाचं झकास मांडणीचं सॉफ्टवेअर होतं आणि पडद्यावरची अक्षरं त्या काळी कुणाकडे नव्हती इतकी गुळगुळीत दिसत. शाळांच्या नियतकालिकांपलीकडे त्याचाही फार पसारा झाला नाही.

आता हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहू, कारण महाराष्ट्रात तो उलट्या बाजूने खरा ठरला. इथल्या डीटीपीच्या दुकानांत मॅकपेक्षा विंडोजची जुळवलेली पीसी आली. तिच्यावर पेजमेकर, शेजारी कोरल ड्रॉ आणि मराठीसाठी श्री-लिपीसारखे फाँटसंच किंवा पुण्याच्या सी-डॅकची साधनं. लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढायचा, बटरवरून प्लेट, प्लेटवरून छपाई. ही साखळी तांत्रिकदृष्ट्या लंगडी होती, आणि अजून आहे. त्या जुन्या फाँटांत देवनागरीला स्वतःची जागाच नाही. एका फाँटात जेमतेम दोनशे-सव्वादोनशे खणांत इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. अर्धा क एका खणात, वेलांटी दुसऱ्या, रफार तिसऱ्या. फाँट बदलला की मजकुराचा चोथा. पेजमेकर युनिकोड कधीच शिकला नाही आणि २००१मधल्या सातव्या आवृत्तीनंतर त्याची वाढही थांबली. तरीही तो कितीतरी दुकानांत आजही चालतो आहे. याला निव्वळ आळस म्हणणं सोपं आहे, पण तो आळस नाही. अक्षरजुळणी करणाऱ्याची बोटं त्या कळफलकावर बसलेली, मुद्रितशोधकाला त्याच बटरची सवय, छापखान्यातल्या यंत्रावर तोच फाँटसंच, आणि मागच्या वीस वर्षांची पुस्तकं त्याच फाइलींत. टोकापासून टोकापर्यंत जोडलेली लंगडी साखळी मधोमध तुटलेल्या देखण्या साखळीला हरवते. अमिगाच्या बाबतीत जे घडलं, तेच इथे आरशात उलटं दिसतं.

म्हणून घरी लिनक्स वापरणाऱ्या मराठी माणसाची अडचण नेमकी कुठे आहे हे नीट पाहायला हवं. 'लिनक्स डीटीपीला चालत नाही' हे विधान ढोबळ आहे. स्क्रायबस हे तिथलं मोफत मांडणीचं सॉफ्टवेअर रंगवियोजन, रंगप्रोफाइल आणि छपाईसाठीची पीडीएफ या बाबतींत गंभीरपणे बांधलेलं आहे. छापखान्याच्या टोकाला ते उगाच अडत नाही. ते अडलं लिपीपाशी. त्याच्या १.४ या स्थिर मालिकेत देवनागरीची जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नव्हती. पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन पडायची. त्याच यंत्रावर लिबरऑफिस मराठी व्यवस्थित दाखवत होतं, ब्राउझरही दाखवत होता, आणि नेमकं मांडणीचं साधन दाखवत नव्हतं. १.५ या प्रायोगिक मालिकेत ही सोय आली आणि स्थिर स्वरूपात १.६ आवृत्ती उजाडायला २०२४चा जानेवारी लागला. अडोबीच्या इनडिझाइनलाही भारतीय लिप्या २०१२च्या सीएस-६ आवृत्तीत आल्या, तोवर तिथेही हाल वेगळे नव्हते. पण इनडिझाइनच्या मागे छापखाने उभे होते, स्क्रायबसच्या मागे नव्हते. केरळमधल्या 'जनयुगम' या मल्याळम दैनिकाने २०१९मध्ये लिनक्स, स्क्रायबस आणि युनिकोड फाँट यांवर अख्खा अंक नेऊन दाखवला. हे उदाहरण लिनक्सचे चाहते अभिमानाने सांगतात आणि सांगावंच, पण त्यातली मेख विसरून नव्हे: तिथे एकट्या माणसाने घरचं यंत्र बदललं नाही, तर अक्षरजुळणीपासून छपाईला जाणाऱ्या पानापर्यंत साऱ्यांनी एकदम उडी मारली.

आजचा वाचक म्हणेल की आता पीडीएफ आहे, मग हे पुराण कशाला? छापखान्याला फक्त पीडीएफ द्यायची, ती कुठल्या यंत्रावर बनली याच्याशी त्याला काय देणंघेणं? हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि निम्म्याहून जास्त खराही आहे. १९९३पासून पीडीएफने फाँट आणि चित्रं फाइलीतच बांधून नेण्याची सोय केली आणि अमिगाची चकती व कॅलॅमसचे फाँट हे दोन्ही जुने अडथळे तिने बहुतांशी मोडले. मॅक, विंडोज, लिनक्स यांतला फरक आज १९८७पेक्षा कितीतरी कमी आहे, म्हणून घरी जे यंत्र आहे ते विकून दुसरं घेण्याची घाई करू नका. पण उरलेला जो थोडा भाग आहे तो नेमका घरगुती यंत्रावरच जाचतो. पीडीएफ हे बंद पाकीट आहे. त्यातला मजकूर छापखान्यात सहजासहजी दुरुस्त करता येत नाही. आणि मराठी प्रकाशनाची जुनी सवय अशी की शेवटची शुद्धलेखनाची चूक प्लेट लागायच्या आदल्या संध्याकाळी सापडते, आणि अक्षरजुळणी करणारा ती तिथल्या तिथे सुधारतो. तुम्ही वेगळ्या साधनावर काम केलं असेल तर ती दुरुस्ती तुमच्याकडेच परत येणार. तेवढी तयारी ठेवा, किंवा मूळ फाइल उघडू शकणारा एक तरी माणूस गावात आहे का ते आधी पाहा.

दुसरा भाग रंगाचा, आणि इथे सर्वांत जास्त घरगुती कामं फसतात. घरची बहुतेक साधनं, म्हणजे लिबरऑफिस, वर्ड, इंकस्केप, ब्राउझरमधली मांडणीची संकेतस्थळं, पडद्याच्या तीन रंगांत विचार करतात. ऑफसेटला चार शाया लागतात. पडद्यावरचा काळा म्हणजे तिन्ही रंग शून्य; त्याचं छपाईच्या शायांत सरळ रूपांतर झालं की तो निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शायांचा काळा होतो. मोठ्या पट्ट्यात ते दिसत नाही. दहा पॉइंटांच्या मजकुरात दिसतं, कारण चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी प्रत्येक उकाराला आणि अनुस्वाराला रंगीत सावली लागते. मराठी अक्षरात वर-खाली जितका बारीकसारीक संसार असतो तितका रोमनमध्ये नसतो, म्हणून आपलं नुकसान जास्त. यावर उपाय यंत्र बदलण्याचा नाही, तपासण्याचा आहे. स्क्रायबसच्या छपाईपूर्व दृश्यात किंवा ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूत एकेक प्लेट चालू-बंद करता येते. काळी प्लेट बंद करून पाहा. पानावरचा काळा मजकूर संपूर्ण नाहीसा झाला पाहिजे. त्याचं भूत उरलं तर फाइल छापखान्यात जायला लायक नाही. घरी ही साधनं नसतील तर छापखान्याच्या संगणकावर ही तपासणी करून मागा, दोन मिनिटांचं काम आहे. एकरंगी पुस्तक असेल तर प्रश्न बराच सौम्य होतो. सगळी फाइल करड्या छटांत काढून द्यावी.

तिसरा भाग लिपीचा. कुठल्याही नव्या साधनावर किंवा टॅबलेटवर अंकाचं काम सुरू करण्याआधी मराठीची एक परीक्षा घ्यावी, आणि ती पडद्यावर नव्हे तर बाहेर काढलेल्या पीडीएफवर. 'दऱ्या' आणि 'दर्या' शेजारी शेजारी लिहा. पहिल्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र आणि दुसऱ्यातला माथ्यावरचा रफार वेगवेगळे उमटले नाहीत तर ते साधन मराठीसाठी नाही, मग हिंदीसाठी ते कितीही चांगलं असो. 'अ‍ॅ'साठी युनिकोडने २००८मध्ये स्वतंत्र जागा दिली, ती अनेक जुन्या फाँटांत रिकामीच आहे. तिथे चौकट दिसेल. ल आणि श यांची मराठी वळणं हवी असतील तर फाँटात ती असायला हवीत आणि साधनात मजकुराची भाषा मराठी निवडता यायला हवी, नाहीतर हिंदी वळणाचे ल-श येतील. 'द्ध', 'ट्ट', 'ह्म', 'क्ष्म्य' अशी जोडाक्षरं, तिरका आणि ठळक मजकूर, आणि ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द, हे सगळं एका पानात येऊ द्या. मग त्या पीडीएफमधून एक वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. मराठी तसंच उतरलं तर मजकूर उद्याही वापरता येईल; चिन्हांचा कचरा आला तर ही जुन्या फाँटांचीच गत नव्या कपड्यांत आहे, हे समजा. छापायला ती फाइल चालेल, पुढच्या आवृत्तीला आणि संकेतस्थळाला चालणार नाही.

या परीक्षेच्या पानाची प्रत घेऊन छापखान्यात जावं, आणि तेही मजकूर हातात येण्याच्या आधी. तिथे 'तुमच्याकडे कोणता संगणक आहे?' असं विचारू नका. पीडीएफ कोणत्या प्रकारची लागते, फाँट आत बांधलेले चालतात की सगळं कर्व्ह करून हवं, प्लेट थेट निघते की फिल्म काढतात, पानाबाहेर किती मिलिमीटर रंग सोडायचा, फर्मा किती पानांचा धरायचा, आणि शेवटच्या दिवशी चूक सापडली तर ती कोण आणि कशात सुधारणार, हे विचारा. कर्व्ह केलेली फाइल सुरक्षित वाटते, पण तिच्यातलं अक्षर अक्षर राहत नाही, नुसती आकृती उरते. एक मात्रा बदलायलाही मूळ फाइलीकडे जावं लागतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'आम्ही इथेच पेजमेकरमध्ये करून घेतो' असं आलं तर नाक मुरडू नका. अंक वर्षातून एकदाच निघत असेल, पानं शे-दीडशे असतील आणि मुद्रितशोधकही त्याच वाटेवरचा असेल, तर त्यांच्याच साखळीत शिरणं शहाणपणाचं, फक्त मूळ मजकूर युनिकोडमध्ये आपल्याजवळ ठेवून. नियतकालिक सतत चालवायचं असेल, जुने अंक शोधता यावेत असं वाटत असेल, तर युनिकोडची साखळी उभारण्याचा त्रास एकदा घ्यावाच. मग यंत्र विंडोजचं असो, मॅक असो की लिनक्स. परीक्षेचं पान आणि काळ्या प्लेटची तपासणी पार पडली की घराणं दुय्यम. चित्र-चौकटी नसलेला निव्वळ गद्य मजकूर असेल, उदाहरणार्थ कादंबरी किंवा प्रबंध, तर झीटेकसारखं साधन तिन्ही घराण्यांवर सारखंच चालतं आणि देवनागरी उत्तम जुळवतं. शिकायला मात्र ते चिवट आहे, आणि घाईच्या कामात शिकू नये.

आणि अंक छापायचाच नसेल, नुसता व्हॉट्सॲपवरून वाटायचा असेल, तर वरचं बरंचसं लागूच होत नाही. तिथे साखळीचं शेवटचं टोक प्लेट नसून वाचकाच्या हातातला फोन आहे. चार शायांची काळजी नको, पडद्याचेच रंग ठेवा. ए-४ पानावर दोन स्तंभ घालण्याचा मोह मात्र टाळा, कारण वाचकाला प्रत्येक ओळीला पान सरकवावं लागतं. अरुंद पान, एकच स्तंभ, मोठं अक्षर आणि काही मेगाबाइटांत बसणारी फाइल एवढं पाहिलं की घरातला दहा वर्षांचा जुना संगणकही पुरतो. फक्त तपासणी आपल्या नव्या फोनवर करू नका, ओळखीत ज्याचा फोन सर्वांत जुना आहे त्याच्याकडे फाइल पाठवून 'दऱ्या' कसं दिसतं ते विचारा.